दोन्ही प्रश्नांना हिरवा दिवा

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी एसवायला होते. अंबरनाथच्या एमआयडीसीत ते लेथवर काम करायचे. दवाखान्यातून बदलापूरला घरी आणलं तेव्हा त्यांचा उजवा हात लोंबत होता आणि तोंडात एकच शब्द उरला होता, "आणि". पाणी हवं असलं तरी "आणि", चहा गार झाला तरी "आणि", शेजारच्या काकू भेटायला आल्या आणि उठायचं नाव घेईनात तेव्हाही "आणि". आई कधी हसून तर कधी चिडून म्हणायची, "आणि काय हो? पुढचं बोला ना!"

बाबा मान हलवायचे, पण होकाराला आणि नकाराला सारखीच. चहा हवा का विचारलं की मान हलवायचे आणि कप पुढे केला की तोंड फिरवायचे. स्पीच थेरपीच्या मॅडमनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, "त्यांना बरंच कळतं. पण हो-नाही अजून पक्कं झालेलं नाही. विचारा आणि थांबा. घाई करून त्यांच्या वतीनं बोलू नका."

पण घरात सगळे त्यांच्या वतीनंच बोलत होते. माझा काका बारवी धरणाकडच्या आमच्या पाड्यावर राहतो, भातशेती करतो. त्याला बाबांना गावी न्यायचं होतं. "इथं दुसऱ्या माळ्यावर माणूस खुर्चीत बसून सुकतंय, वयनी. तिकडं अंगणात बसंल, चार माणसं येतील-जातील. दादालाबी तेच पायजे." आई म्हणायची, "तिकडे थेरपी कोण देणार? यांना इथेच राहायचंय, मला कळतं त्यांच्या डोळ्यांतलं." दोघंही खोटं बोलत नव्हते असं मला वाटतं. दोघांनाही बाबा हवे होते. पण बाबांना काय हवं होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही.

अशात मामा कपाळाला बांधायची एक पट्टी घेऊन आला. मामा उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कुणीतरी 'एआय ब्रेन थेरपी' सुरू केली होती. मालक मामाच्या ओळखीचा, म्हणून त्यानं ती थोडे दिवस वापरून बघायला दिली.

"ताई, टेन्शनच नको आता. ये डायरेक्ट दिमाग पढता है," मामा म्हणाला. "भाऊजींच्या मनात जे आहे ते मोबाइलवर."

"माझ्या मनातलं नको हं वाचायला," आई म्हणाली.

"तुझं वाचायला मशीन कशाला लागतं? तू तर मनातलं सगळं ओरडूनच सांगतेस."

बाबांचं कपाळ ओल्या कापडानं पुसून पट्टी बांधायची, प्रश्न विचारायचा आणि मोबाइलकडे बघायचं. हिरवा गोल आला तर हो, लाल आला तर नाही. मामानं विचारलं, "भाऊजी, मी तुमचा लाडका मेहुणा ना?" लाल आला. सगळे खूप हसलो. बाबाही अर्ध्या चेहऱ्यानं हसले. घरात किती तरी दिवसांनी हसू ऐकू आलं. मग मामा माझ्याकडे वळून म्हणाला, "काय मॅडम, तू कॉम्प्युटरवाली. ओके ना हे?"

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे गॅसच्या सबसिडीपासून मेंदूपर्यंत सगळं मला येतं असं धरून चालतात. मी म्हटलं, "बघू या." खरं तर मला ते खरं असायला हवं होतं. कॉलेजात एका पाहुण्या वक्त्यांनी व्हिडिओ दाखवला होता. मानेखाली काहीच हलत नसलेला माणूस नुसत्या विचारानं पडद्यावरचा बाण हलवत होता. थोड्याच वर्षांत मुकं कुणी राहणार नाही, असं ते म्हणाले होते, तेव्हा मी खूप टाळ्या वाजवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "तो व्हिडिओ खरा आहे. पण त्या माणसाच्या मेंदूत तारा बसवल्या होत्या, आणि महिनोन्‌महिने सराव करून घेतला होता. कपाळावरच्या पट्टीत भुवया हलल्याचंही येतं, घामाचंही येतं. तुझ्या घरची पट्टी नेमकं काय मोजते, ते मी न बघता कसं सांगू?" मला हो किंवा नाही हवं होतं. सरांनी दोन्ही दिलं नाही.

पट्टीची बातमी पाड्यावर पोचायला वेळ लागला नाही. रविवारी सकाळी काका आला. आईनं पोहे पुढे केले तर म्हणाला, "नको वयनी. विचारल्याबिगर खायाचा नाय." तेव्हा माझ्या लक्षात आलं. काका आमच्या गावदेवीला कौल लावतो. कुणाची म्हैस हरवली, कुणाचं लग्न ठरत नाही, की लोक त्याला बोलावतात. देवीच्या शेंदरी दगडावर दोन्ही अंगांना ओले तांदूळ चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडचे पडले तर होकार. डावीकडचे पडले तर नाही. तोवर जागचं उठायचं नाही. काका आंघोळ करून, उपाशीपोटी आला होता.

तो बाबांसमोर मांडी घालून जमिनीवर बसला. मी पट्टी बांधली. काकानं हात जोडले. आपल्याच सख्ख्या भावापुढे! बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

"दादा, तू आमचा मोठा. बापाच्या मागं तूच बाप. तुझं घर तिकडं हाय, तुझी मानसं तिकडं हायत. मी तुला न्यायला आलोय. येशील का?"

हिरवा आला.

काकानं जमिनीला डोकं टेकवलं. आई मोरीच्या दाराला टेकून उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला. काका उठू लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, थांब. मला उलटं विचारायचंय."

"उलटं? पोरी, कौल दिल्यावर परत इचारत नाय."

"हा कौल नाही, काका. प्रॅक्टिकलला आम्ही असंच करतो. एकदा आलेलं उत्तर धरत नाही."

"देवाची परीक्षा घेतंस?"

"देव नाहीत ते. बाबा आहेत."

हे मी जरा मोठ्यानं बोलले. काका परत खाली बसला. मी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "बाबा, इथेच राहायचंय का? आईजवळ?"

हिरवा आला. मघासारखाच.

मग काका हळूच म्हणाला, "दोन्हीला व्हय म्हंतंय. असला कौल धरायचा नसतो. मानूस रुसलंय." मग त्यानं पोहे खाल्ले, बाबांच्या पायाला हात लावला आणि आईला म्हणाला, "नीट कळंल तवा नेईन. तवर नाय."

काका गेल्यावर मला वाटलं, आईला हायसं वाटलं असेल. पण ती पट्टीकडे बघत बसली होती. "दोन्हीला हो म्हणाले," ती म्हणाली. "त्यांना दोन्ही हवं असेल गं. माणसाला नसतं का तसं?"

मग रोज दुपारी आई बाबांना पट्टी बांधायला लागली. भाजी आवडली का, दुखतंय का, माझा राग येतो का. हिरवा आला की तिचा चेहरा उजळायचा, लाल आला की ती जेवायची नाही. मॅडमनी सांगितलेला सराव मागे पडला. विचारून थांबायचं राहिलं बाजूला. आता तर बाबांच्या चेहऱ्याकडेही कुणी बघत नव्हतं, सगळे मोबाइलकडे बघत होतो.

शेवटी मला राहवलं नाही. एके दिवशी दुपारी कॉलेजातून आले, मोरीतला पंचा ओला करून पिळला, त्याची घट्ट गुंडाळी केली आणि तिला पट्टी बांधली. आईसमोर ठेवून पंच्यालाच विचारलं, "तुला गावाला जायचंय?"

थोड्या वेळानं हिरवा आला.

"भाजी आवडली?"

लाल.

आई आधी हसली. मग तिनं पदर तोंडाला लावला. मी समजावून सांगायला सुरुवात केली, ओलावा, सिग्नल, सर काय म्हणाले ते. बोलता बोलता मागून आवाज आला, "आणि."

बाबा खुर्चीत बसून सगळं बघत होते. त्यांच्या जागी त्यांच्यासमोर मी एक पंचा बसवला होता. मशीन खोटं आहे हे दाखवायच्या नादात मीही त्यांना विचारलं नव्हतं.

त्यांनी डावा हात पुढे केला. काय हवंय ते मला समजेना. मी पट्टी पुढे केली, तर त्यांनी ती बाजूला सारली. पंचा पुढे केला. तो त्यांनी घेतला, मांडीवर ठेवून एका हातानं उलगडला. बराच वेळ लागला, पण आम्ही मध्ये पडलो नाही. मग त्यांनी कपाळ पुसलं, पट्टी बसायची तिथलं, या कानापासून त्या कानापर्यंत.

"नको म्हणतायत," आई म्हणाली.

मलाही तसंच वाटलं. पट्टी डब्यात भरून मी मामाच्या दुकानाकडे निघाले. स्टेशनच्या रिक्षात बसल्यावर मनात आलं, उकडतंही होतं त्या दिवशी. त्यांना नुसता घाम पुसायचा असेल तर?