मनकर्णाबाई अध्यक्षपदाला उभ्या राहतात

शहागंजच्या बाजारात मनकर्णा सिस्टर दिसल्या की भलेभले मिशीवाले बाप्येसुद्धा शर्टाची बाही खाली ओढत. सरकारी दवाखान्यातल्या इंजेक्शनच्या खोलीत बाईंनी आयुष्य काढलेलं. अर्ध्या शहराचा दंड त्यांच्या हाताखालून गेलेला. सुई टोचताना त्यांचा मंतर ठरलेला असे. "बाही वर. हात ढिला. तिकडं बघा. झालं! उठा, चोळत राहा. पुढचा!" हा मंतर सुरू झाला की पैलवानही गपगार होई.

त्या खोलीत खुर्ची एकच, आणि ती पेशंटची. सिस्टर दिवसभर उभ्या. संध्याकाळी पाय असे सुजत की चपला नवऱ्याला, म्हणजे पुंजारामरावांना, ओढून काढाव्या लागत. सिस्टर लोकांनाही बसायला खुर्ची द्या, असा विषय बाई परिचारिका संघटनेच्या दर बैठकीत काढत. अध्यक्षा लक्ष्मीबाई गोड हसून म्हणत, "पुढच्या बैठकीत बघू हं!" आणि हे त्या मंचावरच्या गुबगुबीत खुर्चीत रेलून म्हणत, याचाच मनकर्णाबाईंना जास्त संताप येई. बसलेल्याला उभ्याचं दुखणं काय कळणार!

अध्यक्षपद म्हणजे बिनपगारी, फुल अधिकारी. त्यामुळे आजवर लक्ष्मीबाईंच्या विरोधात कुणी गेलंच नव्हतं. यंदा मनकर्णाबाईंनी नाव दिलं, तेव्हा त्यांची जिवाभावाची मैत्रीण, ऑपरेशन थिएटरची फहमिदा सिस्टर, एवढंच म्हणाली, "अगे, भाषण करना पडता. तेरेकू आता क्या?"

येत नव्हतंच. घरी पुंजारामरावांपुढं सराव झाला. "भगिनींनो," एवढं म्हणून बाई अडल्या आणि तोंडात रोज असतं तेच बाहेर आलं. "हात ढिला. तिकडं बघा." पुंजारामराव निमूट घड्याळाकडं बघत बसले.

"भाषण लई झकास झालं," ते म्हणाले. "दुखलं नाय अजिबात."

निवडणुकीच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. इतक्या सिस्टर एकत्र आल्यावर गलका काय विचारता! "शांत बसा, शांत बसा," म्हणून लक्ष्मीबाईंचा घसा बसला. अखेर मनकर्णाबाई बोलायला उठल्या, "भगिनींनो," म्हणाल्या, आणि पुढचं भाषण भुर्रकन उडालं. फहमिदानं प्रसंग ओळखून घाईघाईनं मतदानच पुकारलं. "मनकर्णा सिस्टरकू मत देनेवाले, हात उपर!"

भराभर हात वर झाले. आपल्यासाठी एवढ्या जणींनी हात वर केलेले बाईंनी जन्मात पाहिले नव्हते. डोळे भरून आले. पण समोर एवढे उघडे दंड दिसल्यावर जीभ कुठली ऐकते!

"हात खाली. बाही वर. ढिला सोडा. तिकडं बघा."

या सगळ्या जणींना दरसाल लस टोचणाऱ्या याच बाई. सगळे हात खाली आले, सगळ्या माना खिडकीकडं वळल्या. मोजायला एक मत उरलं नाही.

"गया इलेक्शन!" फहमिदानं कपाळावर हात मारला. मनकर्णाबाईंना रडूच कोसळायचं बाकी होतं. आपल्याच जिभेनं आपला घात केला होता.

तेवढ्यात त्यांचं लक्ष मंचावर गेलं. लक्ष्मीबाईंनी जन्मभर दुसऱ्यांना सुया टोचल्या, पण स्वतःच्या सुईला त्या भारी टरकत. आताही त्या बाही वर करून, डोळे गच्च मिटून बसल्या होत्या.

"झालं का हो?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

मनकर्णाबाई म्हणाल्या, "झालं. उठा, चोळत राहा. पुढचा!"

लक्ष्मीबाई उठल्या, दंड चोळत मंचाच्या पायऱ्या उतरल्या आणि खाली आल्यावर भानावर आल्या. तोवर सभागृह हसून लोळत होतं. मग त्याही हसत सुटल्या. "मी इतकी वर्षं ओरडले, कुणी गप बसलं नाही. हिनं एका दमात बसवलं. घ्या गं, पुन्हा हात वर करा!" असं म्हणून त्यांनी आपलाही हात वर केला. मोजणी संपेपर्यंत फहमिदानं मनकर्णाबाईंचं तोंड तळहातानं दाबून धरलं होतं.

नव्या अध्यक्षा गुबगुबीत खुर्चीत टेकल्या. पाय लांब केले. आहाहा! आणि बसल्या बसल्याच त्यांनी पहिला ठराव मांडला की ही खुर्ची उद्या इंजेक्शनच्या खोलीत जाईल, सिस्टर लोकांसाठी.

"अगं, मग मंचावर काय ठेवायचं?" खालून लक्ष्मीबाई ओरडल्या.

मनकर्णाबाई गोड हसल्या. "पुढच्या बैठकीत बघू हं!"