आबांना अर्थ सांगता येईल अशी गाणी

मिलिंद गेल्याचं मला फ्रान्सिस अंकलनी कळवलं. सकाळची पाळी होती, रांजणगावला कंपनीच्या गेटवर बसमधून उतरत होतो आणि खिशात फोन वाजला. अंकल एरवी फोनवर आधी दोन-चार शिव्या हासडतात आणि मग मुद्द्यावर येतात. त्या दिवशी एकच वाक्य बोलले, "राजू, अपना मिलिंद गया." मी विचारलं, "कुठं?" कारण हा गडी एका जागी कधी नसायचाच. आज पुण्याला गिटारच्या तारा आणायला, उद्या नगरला कुणाचा तरी जुना ॲम्प्लिफायर बघायला... असल्या प्रश्नावरही पलीकडून शिवी आली नाही, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चहा पिता पिता छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. नुकती चाळिशी ओलांडलेली. मी गेटवर तसाच उभा, मागून कामगार धक्के देत आत चाललेले, आणि मला रडू नव्हतं येत, राग येत होता. तो अजून गेलेला नाही.

दीड महिना होत आला. माझी बोटं थांबत नाहीत. जेवताना ताटावर, कंपनीत टेबलावर, गाडी चालवताना टाकीवर, सारखी टकटक टकटक. बायको म्हणते डॉक्टरला दाखवा. आता डॉक्टरला काय दाखवू, बोटं? आमचा तीन माणसांचा बँड. मिलिंदची गिटार आणि त्याचाच गळा, अंकलचा बेस, आणि माझे ड्रम. साठ-सत्तरच्या काळातल्या एका विलायती रॉक बँडची गाणी आम्ही जशीच्या तशी वाजवायचो. बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव घेतलं की शौकीन मंडळी भांडायला येतात. आता दौंडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी ठरवलंय की मिलिंदच्या आठवणीत एक कार्यक्रम करायचा. हॉल मिळालाय. गिटारला पुण्याहून एक जण येणार आहे. चांगला वाजवतो. मला तो आवडत नाही, त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. गाणी निवडायचं काम तेवढं राहिलं, आणि ते माझ्या गळ्यात पडलं. कागद घेऊन बसलो की चौथ्या मिनिटाला उठून फेऱ्या मारायला लागतो. कारण इतकी वर्षं गाणी मिलिंद निवडायचा, आणि त्याची निवडायची तऱ्हाच अशी होती की ती दुसऱ्या कुणाला चालवता येणार नाही.

त्यासाठी जरा मागं जावं लागेल. शिरूरला आमच्या वडिलांचा मंडप आणि स्पीकरचा धंदा. नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला राहू गावात भीमजयंतीचा कार्यक्रम होता, स्पीकर आमचे, आणि गायला दौंडच्या शाहीर आबांची गायन पार्टी. आबा म्हणजे मिलिंदचे वडील. रेल्वेत गँगमन, आणि पंचक्रोशीत भीमगीतं गाणारे शाहीर. आवाज असा की आमच्या माइकची काही गरज नव्हती. पण माइक नसला की कार्यक्रम मोठा वाटत नाही, म्हणून आमचं पोट चालायचं. त्यांच्या बाजूला एक बारकेला पोरगा बेंजो वाजवत होता. तोच मिलिंद. त्यानं काय केलं, बेंजोची वायर आमच्या ॲम्प्लिफायरला लावली आणि बटण पिळत पिळत पार शेवटाला नेलं. आवाज टराटरा फाटायला लागला. वडील धावले, मी धावलो, आबांनी गाता गाता एक डोळा वटारला. हा मात्र खूश. कार्यक्रम संपल्यावर मला गाठून म्हणतो, हा आवाज फाटतो कसा ते सांग. मी म्हटलं, मशीन जळंल बाबा आमचं. तर म्हणे, जळू दे, फाटलेलाच चांगला वाटतोय. तिथं आमची दोस्ती झाली. असल्या माणसाशी दुसरं करणार तरी काय?

पुढं तो रेल्वेत सिग्नल खात्यात लागला आणि फ्रान्सिस अंकलच्या तावडीत सापडला. अंकल तेव्हा गार्ड होते, रेल्वे कॉलनीत राहायचे, त्यांच्या घरात कॅसेटींनी भरलेली अख्खी पेटी. त्यांनी मिलिंदच्या हातात गिटार दिली. बेंजो सुटला तो सुटलाच. मला वाटलं होतं घरात महाभारत होईल. काही झालं नाही. आबांनी पार्टीला दुसरा बेंजोवाला बघितला, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मिलिंद म्हणायचा. आबांचं म्हणणं एकच होतं आणि ते त्यांनी एकदाच सांगितलं: ज्या गाण्याचा अर्थ समोर बसलेल्याला सांगता येत न्हाई, ते गायचं कशाला? गायन पार्टीत तशी पद्धतच असते. शाहीर आधी दोन मिनिटं बोलतो, हे गाणं कशाबद्दल, ते का गायचं, आणि मग ढोलकी सुरू होते. त्या हिशेबानं आमची गाणी म्हणजे नुसता गोंगाट. मिलिंद घरी मागच्या खोलीत दार लावून वाजवायचा, आबा पुढच्या खोलीत, मध्ये प्लायवूडची भिंत. एका घरात दोन गाणारे, आणि एकमेकांचं ऐकायचं नाही असा ठराव झाल्यासारखं.

दोन हजारनंतर कधीतरी इन्स्टिट्यूटनं आमचा पहिला मोठा कार्यक्रम ठेवला. दीड तास, तिकीट नाही, खुर्च्या आमच्याच. मिलिंदनं आबांना आमंत्रण दिलं. आबा म्हणाले, येतो, पण कळलं न्हाई तर उठंन. झालं! त्या दिवसापासून मिलिंद झोपला नसावा. आमच्या शिरूरच्या गोडाऊनमध्ये, मंडपाचे बांबू आणि कनातींच्या ढिगात आमची प्रॅक्टिस चालायची. दौंडहून पारगाव-न्हावरा करत तो मोटारसायकल हाणत यायचा आणि आल्या आल्या गाणं बदलायचा. कसोटी एकच. या गाण्याचा अर्थ आबांना मराठीत दोन मिनिटांत सांगता येतो का? येत असेल तर ठेवायचं. नसेल तर गेलं. युद्धावर गेलेल्या पोराच्या आईचं एक गाणं होतं, ते राहिलं. खाणीत राबणाऱ्या माणसाचं राहिलं. आणि मग ती जी खरी भन्नाट गाणी होती, ज्यांच्यासाठी आम्ही वेडे झालो होतो, ती एकेक करून जायला लागली. एकात माणूस नुसता गाडी घेऊन निघालाय, कुठं ते त्यालाही माहीत नाही. "हे आबांना काय सांगू?" गेलं. एकात अर्धा वेळ शब्दच नाहीत, गिटार एकटीच बोंबलत असते. गेलं. एक तर असं होतं की मिलिंद ते वाजवायला लागला की मी काठ्या हवेत धरून बघत बसायचो, माझी एन्ट्री चुकायची. त्यात कुणीतरी सकाळी खिडकी उघडतं, एवढाच अर्थ. तेही गेलं.

अंकल पेटले. त्यांचं म्हणणं, आपण त्या बँडला मानवंदना देतोय, त्यांची उत्तम गाणी वगळून कसली मानवंदना? ही तर गणपतीच्या देवळात जाऊन उंदराच्या पाया पडण्यासारखी गोष्ट झाली. आणि वर प्रत्येक गाण्याआधी मराठीत भाषण? मी मध्ये पडलो. खरं तर मलाही ते पटत नव्हतं. पण मिलिंद कंपनीत फोन करून करून माझं डोकं खायचा, राजू, खाणवालं आधी घेऊ का आईवालं, आबा पहिल्या दहा मिनिटांतच उठले तर... सुपरवायझर माझ्याकडं बघायचा. शेवटी मी म्हटलं, तुला पाहिजे ती घे, पण एकदाचा शांत हो. शांत होणं त्याच्या कुंडलीत नव्हतं.

कार्यक्रमाला आबा आले. पांढरा शर्ट, पहिल्या रांगेत कडेची खुर्ची, हात मांडीवर. मिलिंदनं प्रत्येक गाण्याआधी माइकवर अर्थ सांगितला, अगदी आबांच्याच ढंगात, "मंडळी, आता जे गीत..." अशी सुरुवात करून. कॉलनीतली पोरं खुसखुसत होती. चौथं गाणं खाणवालं. त्यात मध्यावर गिटारचा लांबलचक तुकडा आहे, मिलिंद डोळे मिटून त्यात शिरला होता, आणि मला समोर दिसलं की आबा उठले. पण ते दाराकडं नाही गेले. खिशातून एक नोट काढून, ती दोन्ही हातांत धरून, सरळ स्टेजकडं चालत आले.

गायन पार्टीत कुणी बक्षीस घेऊन आला की गाणं त्या शब्दावर थांबतं. शाहीर नोट कपाळाला लावतो, देणाऱ्याचं नाव-गाव पुकारतो, आभार मानतो, आणि गाणं परत मुखड्यापासून सुरू होतं. लहानपणापासून मिलिंदच्या अंगात मुरलेली गोष्ट. त्यानं डोळे उघडले, आबा दिसले, आणि त्यानं गिटारवर पंजा ठेवला. गिटार बंद. अंकलचा बेस दोन ठोके पुढं गेला आणि थांबला, माझी झांज तशीच सुं करत राहिली. विलायती रॉकच्या ऐन भरात, त्या हॉलमध्ये, मिलिंदनं वाकून नोट घेतली, कपाळाला लावली, आणि खणखणीत आवाजात आपल्याच बापाचं नाव पुकारलं, गाव दौंड, म्हणून आभार मानले. हॉलमध्ये कुणाला काही समजेना. मग मागून, आबांच्या वस्तीतली चार माणसं आली होती, त्यांनी टाळ्या सुरू केल्या आणि सगळा हॉल वाजायला लागला. मिलिंदनं आम्हाला खूण केली: पहिल्यापासून. अंकलच्या तोंडून मराठी शिवी मी तेव्हा एकदाच ऐकली. सात मिनिटांचं गाणं आम्ही बारा मिनिटं वाजवलं. आणि ते सुरू असतानाच आबा स्टेजसमोरून वळले, जयभीम घातला, आणि खुर्चीकडं न जाता दारातून बाहेर निघून गेले. भांडगावला त्यांच्या पार्टीचा कार्यक्रम होता म्हणे.

ही एक गोष्ट मिलिंदला आयुष्यभर कुरतडत राहिली. कारण बक्षिसाची दुसरीही एक रीत आहे. एखाद्याला कार्यक्रम सोडून निघायचं असेल आणि गाणाऱ्याचा अपमान करायचा नसेल, तर तो उठतो, बक्षीस देतो आणि सन्मानानं रजा घेतो. मग आबा कशासाठी उठले होते? आवडलं म्हणून, की कळलं नाही म्हणून? उठंन म्हणाले होतेच की. किती वेळा मला विचारलं असेल त्यानं. मी म्हणायचो, एका घरात राहता, विचार ना थेट. त्यावर म्हणायचा, "आबांना असं कसं विचारायचं?" मग पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला तीच गाणी, तसेच अर्थ, तीच कडेची खुर्ची राखून ठेवलेली. आबा परत आले नाहीत. आणि मिलिंद दरवेळी यादी उलटीसुलटी करत राहिला, अमुक आधी घेतलं असतं तर बसले असते, तमुक नकोच होतं... पंधरा-सोळा वर्षं!

गेल्या रविवारी मी दौंडला गेलो. मनाशी ठरवलं, आता गाणी आबांनाच विचारायची, ते म्हणतील ती. आबा पुढच्या खोलीत खाली बसले होते. थकलेत फार. मी त्या जुन्या कार्यक्रमाची गाणी एकेक करून सांगितली, म्हटलं यातली कोणती घेऊ? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग मला राहवलं नाही. जे मिलिंदनं कधी विचारलं नाही ते मी विचारलं, तेव्हा तुम्ही का उठला होता?

माझी बोटं गुडघ्यावर वाजत होती, ती त्यांनी हातानं दाबून धरली.

"घरात दार लावून वाजवायचा ती गानी येगळी होती. कार्यक्रमात त्यातलं एक बी न्हाई. मला कळलं, पोरगं माझ्यापायी वाजवतंय, माझ्याकडं बघून. म्हनलं, मी बसलो तर ह्यो त्याचं काय वाजवायचा न्हाई. म्हनून बक्षीस दिलं आन् निघालो."

वाटलं, उठून मागच्या खोलीचं दार बडवावं आणि ओरडून सांगावं, अरे गाढवा, ऐक हे! तिथं आता कुणी नाही. गिटार खाटेवर आहे, वहिनींनी वर चादर घातलीय.

"जी त्यानं गाळली, ती घ्या. मी बसतो शेवटपातुर," आबा म्हणाले.

मी म्हटलं, आबा, त्यांचा अर्थ सांगता येत नाही हो. ते म्हणाले, नको सांगू. आणि जरा सरकून मधल्या प्लायवूडच्या भिंतीला टेकले, डोकं मागं टाकून. त्या भिंतीवर, बसलेल्या माणसाचं डोकं येईल तिथं, केसांच्या तेलाचा एक मोठा काळपट डाग आहे. इतकी वर्षं त्या घरात येतोय-जातोय, मी तो कधी बघितला नव्हता.