उसवलेली कादंबरी

त्या उन्हाळ्यात कारखान्याच्या कामगार सोसायटीचं वाचनालय कधी रिकामं दिसलं नाही. ऊस नव्हता, म्हणून गाळप नव्हतं, आणि कामगार बसून होते. बसलेल्या माणसांना रहस्यकथा लागत. विज्ञानकथाही चालत, पण त्यात कोणी मरायला किंवा गायब व्हायला हवं. प्रत्येक कादंबरीची प्रत एकच. वाचनालय सांभाळणाऱ्या मामांनी त्यावर उपाय काढला होता. ते पुस्तकाची शिवण उसवून चार भाग करत, प्रत्येक भागाला सिमेंटच्या पिशवीचा कागद लावत आणि सुतळीनं शिवत. एक भाग परत केला की हाताशी असेल तो भाग मिळे. कुणी क्रमाचा आग्रह धरला की मामा म्हणत, "चौथा हाय. न्यायचा तर न्या. मेला कोन ते आधी कळंल, मारला कावून ते मागून."

मी तेव्हा जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला धारूर भागातल्या बातम्या पाठवत असे. बहुतेक टँकरच्या असत. वाचनाचा माझा काही अभ्यास नव्हता. दुपारी पत्र्याखाली बसून थोडं घाबरावं, पुस्तक मिटावं आणि भीतीही तिथंच मिटावी, एवढंच हवं असे. पत्नीलाही हाच नाद होता. तिला सातवा महिना लागला होता. घरात एक नियम होता: पुढचा भाग ज्यानं आधी वाचला, त्यानं तोंड उघडायचं नाही.

तेव्हा आम्ही वाचत होतो त्या कादंबरीचं मुखपृष्ठ आणि नाव दोन्ही गेलेली होती. धरणात आकाशातून काहीतरी पडतं. पाण्याचा रंग बदलत नाही, वास येत नाही. पहिली खूण मुंग्यांची. त्या कुठून कुठून निघून पाण्याकडे येतात. ते पाणी प्यालेल्या माणसांना आधी गाढ झोप लागते. दुसरा भाग संपतो तेव्हा एक माणूस झोपलेल्या बायकोला हाका मारत असतो. तिसरा भाग पत्नीनं आधीच वाचून परत केला होता. मी तेव्हा पाणीटंचाईच्या बैठकीसाठी बीडला गेलो होतो.

दुसरा भाग मी भर दुपारी संपवला आणि पाणी प्यायला उठलो. माठाच्या तिवईवरून मुंग्यांची रांग वर चढत होती. ती झाकणाखाली शिरत होती.

पत्नी आत चटईवर झोपली होती. दुपारी झोपायची तिला सवय नव्हती. मी हाक मारली. ती हलली नाही. पुन्हा मारली, मग खांदा धरून हलवला.

"काय झालं? कोन आलंय?"

"माठातलं पाणी प्यालीस?"

"तांब्याभर. जरा गोडसर लागलं. म्हटलं, तोंडाला चव आली वाटतं."

"माठाला मुंग्या लागल्यात."

ती हसली. "त्यायलाबी तहान लागली असंल. तुमी बातमीदार ना? इचारा त्यायला, कोन्या गावच्या ते."

"तिसऱ्या भागात काय होतं?"

"अहो, नियम काय हाय आपला?"

"नियम राहू दे. सांग."

ती उठून बसली आणि तिनं माठाकडे पाहिलं. हसू गेलं. तिचा हात पोटावर आला. मी विचारलं, पुस्तकातल्या त्या लोकांत कुणी गरोदर बाई आहे का. ती पदर सावरत उभी राहिली. म्हणाली, "चला, दवाखान्यात जाऊ."

बाहेर विहिरीवर बायका जमल्या होत्या. टँकर तिथंच विहिरीत रिकामा केला जाई आणि तिथूनच पाणी शेंदायचं असे. कठड्यावर टँकरच्या पाण्याचा ओघळ वाळून चिकट झाला होता, त्यावरही मुंग्या होत्या. शेजारची म्हातारी ड्रायव्हरला धारेवर धरून होती. गाडी कारखान्याची होती. साखर काढल्यावर उरणारी काळी, चिकट मळी तिच्यातून जात असे. कारखाना बंद, मळी नाही, म्हणून गाडी पाण्यावर लावली होती.

"धुतली न्हाईस का रे मेल्या?"

"कशानं धुवू, मावशी? पानी न्हाई म्हनून तर गाडी आली ना तुमच्याकडं."

दोन-तीन बायका हसल्या. मी त्याला विचारलं, मळीशिवाय यात आणखी काही भरलं होतं का.

"म्या गाडीवर आल्यापून तर न्हाई."

"त्याआधी?"

"त्याआधी म्या दुसऱ्या गाडीवर व्हतो, साहेब."

धारूरच्या डॉक्टरांनी पोटाला नळी लावून ऐकलं. ठोके नीट होते. मळी गुरांनाही घालतात, घाबरू नका, असं ते म्हणाले. आणखी काही असेल तर, असं मी विचारलं. त्रास झाला तर या, एवढंच ते म्हणाले. कादंबरीचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

मी बातमी पाठवली. ती छापून आली आणि ती गाडी बंद झाली. पुढच्या आठवड्यांत भीती अशी होती की दिवसा तिचा डोळा लागला की मी काहीतरी निमित्त काढून तिला उठवत असे. ती रागावत नसे. बाळ हललं की स्वतःच माझा हात ओढून पोटावर ठेवत असे. हललं नाही की नुसती कूस बदलत राही. मामांनी एकदा रस्त्यात गाठून सांगितलं, "तिसरा आलाय. तुमच्यासाठी बाजूला ठिवलाय." मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला द्या.

मुलगी झाली. रडली. वजन, रंग, बोटं, सगळं नीट असल्याचं नर्सनं सांगितलं. घरी आणल्यावर पहिल्याच दुपारी ती दूध पिऊन झोपली आणि बराच वेळ उठली नाही. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसून होतो.

"त्या बाईचं काय होतं?" मी विचारलं.

कोणती बाई, हे पत्नीनं विचारलं नाही. तिनं दुपट्याची घडी सारखी केली.

"ती उठती."

"आणि बाळ?"

"ते चौथ्या भागात असंल. मला चौथा मिळालाच न्हाई."

मग तिनं झोपलेल्या मुलीच्या तळपायावरून हलकेच बोट फिरवलं. मुलीनं पाय आखडून घेतला.