बाजाची पेटी आणि पेरूची पेटी

घोडेगावच्या एसटी स्टँडवर भेटलेल्या एका शहरी पावण्याने मला नीट सांगितलं होतं, "काका, उद्या शिनोलीत तुमच्या भजनाला येतो. माझी पेटी आहे, तिच्यावर बसून हाताने वाजवतो." मी फक्त 'पेटी' एवढंच ऐकलं. भजनात पेटी म्हणजे बाजाची. आमच्या पेटीवाल्या दगडूला मी कळवून टाकलं, उद्या येऊ नको.

दुसऱ्या दिवशी पावणा देवळात आला तो लाकडी खोका घेऊन. "ही पेरू देशातली पेटी," तो म्हणाला.

"मग पेरू वाटंत खाल्लं व्हय, पावणं?" कोणीतरी विचारलं. पावणाच सगळ्यांत मोठ्याने हसला.

पण सूर कोण देणार? मंडळी चिडली. मी पटकन म्हणालो, "यानंच बाजा आणतो म्हणून सांगितलं व्हतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "हो, चुकलं माझं," म्हणाला आणि खोक्यावर बसला. बोटांनी तबल्याचे बोल, तळव्यांनी तिकडचा ठेका, आणि सगळं इतकं संथ की चार म्हातारे डुलू लागले, पाचवा घोरू लागला.

"शहरात झोप न येणारे लोक यासाठीच माझ्याकडे येतात," तो खुशीत माझ्या कानात म्हणाला.

परवा दगडूला मी खरं सांगितलं.

"मला तवाच कळलं, राव," तो म्हणाला. "पावणा जाताना माझ्या घरी येऊन माझी माफी मागून गेला. तुझं नाव नाय काढलं. पण स्टँडवर त्यो भेटला व्हता तुलाच."

आता त्या पावण्याची माफी मागायची, तर मी त्याला नावच विचारलं नव्हतं.