आमिष म्हणजे मांस

मॉरिशसमध्ये माएबूर्गला मंदिरामागे एक बैठका होती, म्हणजे भाषेचे वर्ग भरायची जागा. संध्याकाळी देवराज तिथे मुलांना मराठी शिकवायचा. दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी, सुटला की सायकलवरून थेट वर्गावर. हे काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. पण सत्त्याहत्तर सालापर्यंत मुलं गळायला लागली. कुणाला फुटबॉल, कुणाला इंग्रजीची शिकवणी.

त्याची बायको वत्सला म्हणाली, "शाळेतून दमून आलेली पोरं रिकाम्या पोटी कशी बसतील? मी खोबऱ्याचा ‘गातो कोको’ करून देते."

खोबऱ्याच्या त्या गुलाबी वड्यांनी वर्ग भरला. शेजारच्या खोलीत हरिप्रसाद हिंदी शिकवायचे. त्यांची काही मुलं आधी खिडकीतून डोकावली, मग इकडेच येऊन बसली. हरिप्रसादांनी बैठका चालवणाऱ्या मंडळाकडे तक्रार केली.

सभा भरली. अध्यक्ष कृष्णदेव पुण्याला शिकून आलेले. शुद्ध मराठी बोलायची एकही संधी ते सोडत नसत. गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "देवराज, मुलांना आमिष देणं आपल्याला शोभत नाही."

देवराजने हा शब्द कधी ऐकला नव्हता. त्याच्या घरी गळाला लावायचा तो चारा आणि माणसाला दाखवायची ती लालूच. हरिप्रसाद मात्र ताडकन उठले.

"आमिष? मंदिराच्या आवारात?"

त्यांच्या हिंदीत आमिष म्हणजे सरळ मांस. कृष्णदेव हसत "तसं नव्हे, तसं नव्हे" म्हणेपर्यंत मागच्या बायका उठून चालायला लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बाजारात तिथल्या क्रेओल बोलीत एकच शब्द फिरत होता: लाव्यान. देवराज गुरुजी पोरांना लाव्यान, म्हणजे मांस, खाऊ घालतो!

ज्या माणसाने जन्मात अंडंही खाल्लं नव्हतं, तो दारोदार खुलासे करत फिरला. इंद्राणीची दोन्ही मुलं त्याच्याकडे यायची. तिने त्याला ओट्यावरच थांबवलं.

"वड्या होत्या, इंद्राणीताई! खोबऱ्याच्या!"

"मग अध्यक्ष आमिष कशाला म्हणाले?"

देवराजने तोवर शब्दकोश पाहिला होता. तो उत्साहाने सांगू लागला, "संस्कृतात आम म्हणजे कच्चं. त्यावरून बहुधा आमिष, म्हणजे मांस. शिकारी सापळ्यात मांस ठेवायचे, कोळी गळाला लावायचे. म्हणून मराठीत ज्याने भुलवायचं त्या कशालाही आमिष म्हणायला लागले."

"म्हणजे मुळात मांसच ना?"

"मुळात हो, पण..."

तिने दार लावून घेतलं.

असं घरोघरी झालं. खरं सांगावं तर अडकायचं, नाही सांगावं तर चोर ठरायचं. शेवटी तो कृष्णदेवांकडे गेला. "भाऊ, तो शब्द तेवढा मागे घ्या. सभेत सांगा, लालूच म्हणायचं होतं."

"का म्हणून? शब्द बरोबरच होता. लोकांचं मराठी कच्चं, त्याला मी काय करू?"

"कच्चं आहे म्हणून तर मी रोज येतो!" देवराज ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच तो मोठ्या माणसावर ओरडला असेल.

शब्द काही मागे घेतला गेला नाही. वत्सलाने वड्या बंद केल्या. हरिप्रसाद एकदा येऊन "मी ऐकलं तेच बोललो" म्हणून गेले, पण त्याने एकही मूल परत आलं नाही. तरी देवराज उरलेल्या चार पोरांना घेऊन पुढची पाच-सहा वर्षं रेटत राहिला. पावसात, वादळाच्या इशाऱ्यात, ताप असतानाही. ती चार मोठी झाली, नव्या हॉटेलांत कामाला लागली, आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

त्र्याऐंशीत त्याने वर्गाच्या खोलीची किल्ली कृष्णदेवांच्या हातात ठेवली. ते म्हणाले, "निरोपाचा छोटा कार्यक्रम करू. दोन शब्द बोल."

"शब्द नकोत आता," देवराज म्हणाला आणि सायकल काढली.

वर्षअखेरीपर्यंत नवा शिक्षक शोधणं चाललं होतं. मिळाला नाही. मग त्या खोलीत मंदिराच्या खुर्च्या ठेवू लागले.