मामीचा काळा ओटा

दगडाला चुकीच्या नावाने हाक मारली म्हणून भरल्या पानावरून उठणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझा मामा. ऐंशी सालच्या सुमारास तो रत्नागिरीत कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. खिशात रुमाल नसला तरी भिंग असायचंच. गणपतीपुळ्याला सगळं घर दर्शनाच्या रांगेत, आणि मामा समुद्राकाठच्या ओल्या खडकांवर ओणवा. सावर्ड्याच्या एका लग्नात तर त्याने वाटणाला बसलेल्या बाईला उठवून पाटा उन्हात नेला, भिंगाने न्याहाळला आणि "अस्सल बेसाल्ट!" म्हणून परत केला. त्या दिवशी वऱ्हाड उशिराच जेवलं.

बेसाल्ट आणि गॅब्रो हे त्याचे खास लाडके. "दोघांचा शिलारस एकच रे," तो मला सांगायचा. "भुईतून वर आला, उघड्यावर झटकन निवला, की बारीक कणांचा बेसाल्ट. आपला सह्याद्री त्याचाच. तोच रस आत खोल अडकला आणि सावकाश निवला, की कण मोठे होतात. तो गॅब्रो. ग्रॅनाइटचं घराणंच वेगळं, त्यात गारेचे, म्हणजे गारगोटीचे, कण असायलाच हवेत!" मामी हे सगळं खाली पाटावर बसून, भाकरी थापता थापता ऐकायची. तिचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. तिला एकच हवं होतं, शेजारणीकडे होता तसा काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, उभ्याने स्वयंपाक करायला.

एकदाचा मामा कबूल झाला. दगड घेऊन टेंपो दारात आला. मामाने भिंग लावलं.

"हा ग्रॅनाइट नव्हे. गॅब्रो आहे. गार औषधालाही नाही ह्यात."

"सर, बाजारात ह्यालाच ब्लॅक ग्रॅनाइट म्हणतात," फरशीवाला म्हणाला.

"बाजार म्हणेल. तुम्ही गॅब्रो म्हणा, आत्ता उतरवून घेतो."

दोघेही इरेला पेटले आणि टेंपो आला तसा परत गेला. दारात उभी असलेली मामी एवढंच म्हणाली, "जळ्ळं मेलं ते नाव! मला भाकऱ्या करायच्या होत्या हो, परीक्षा नव्हती द्यायची." आणि पुन्हा पाटावर जाऊन बसली.

पुढे दोन-तीन वर्षं मामा गॅब्रोला गॅब्रो म्हणणारा फरशीवाला शोधत राहिला. रत्नागिरीत मिळाला नाही, चिपळुणातही नाही. आम्ही हसायचो. मामीही हसायची, फक्त उठताना भिंतीला धरायची. मग एका सकाळी तिला पाटावरून उठताच येईना. दुसऱ्या दिवशी मामा त्याच फरशीवाल्याकडे गेला, भिंग घरी ठेवून. ओटा झाला, पण तोवर मामीचे गुडघे तिला उभं राहू देईनात. मला मामाचा फार राग आला होता. पण त्याचा चेहरा पाहिला आणि राग गिळला.

नंतर एकदा गेलो, तर ओट्यापाशी मामा उभा, हात कोपरापर्यंत तांदळाच्या पिठाने माखलेले. मामी शेजारी खुर्चीत बसून सांगत होती, "कडा फाटतायत, पाणी लावा जरा." मग ओट्यावर सांडलेलं पीठ तिने तळव्याने हलकेच पुसलं.

"छान आहे हो दगड. काय म्हणता तुम्ही ह्याला?"

मला वाटलं, आता शिलारसापासून सुरुवात. मामाने पिठाचा हात त्या काळ्या दगडावर टेकवला.

"ग्रॅनाइट," तो म्हणाला. "तू ग्रॅनाइटच म्हण." आणि पाण्याचा हात लावून भाकरीच्या कडा सारख्या करायला लागला.