पांढऱ्या फुलांची ओळ

९ डिसेंबर, मंगळवार. हवा कोरडी. वन्सं सकाळपासून तीनदा फाटकापर्यंत जाऊन परत आल्या. चहा दोनदा गार झाला.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. हरभरा संशोधन केंद्रात एकतीस वर्षे संकर करतात. पांढऱ्या फुलाच्या वाणाची मिटलेली कळी चिमट्याने उघडायची, आतले दहा परागकोश फुटायच्या आधी खुडायचे आणि गुलाबी फुलाच्या वाणाचे पराग तिथे टेकवायचे. आईचे दाणे टपोरे, बाप मर रोगाला दाद न देणारा. दोघांचे गुण एका झाडात यावेत म्हणून हा खटाटोप. "मी सोयरिकी जुळवते," त्या सांगत. "स्वतःची तेवढी सोडून," असे आमचे हे चिडवायचे.

या कामातली चूक वर्षभर लपून राहते. एक परागकोश जरी आत राहिला, तरी कळी आपल्याच परागाने फळते. घाटा धरतो, दाणा भरतो, कुणाला काही कळत नाही. दुसऱ्या वर्षी तो दाणा पेरून झाड फुलले, की निकाल. गुलाबी फूल आले तर संकर खरा, पांढरे आले तर आई एकटीच.

गेल्या वर्षीच्या संकराचे दाणे पेरलेल्या वन्संच्या ओळीत काल पहिली दोन फुले उमलली. दोन्ही पांढरी. पुढच्या आठवड्यात या वर्षीचे संकर सुरू व्हायचे होते.

"वहिनी, तुमची मागच्या जानेवारीची वही काढा. माझा हात तेव्हा कसा होता?"

मी पाने उलटली. सहा तारखेला बशी फुटल्याची नोंद होती. ती वाचून थांबले.

"पुढे?"

"पुढे नळ दुरुस्त केल्याचं आहे."

"कॉन्व्हेंटात खोटं बोलायला शिकवलं नाही वाटतं. मुळीच जमत नाही तुम्हाला."

मग वाचले: '११ जानेवारी. वन्संनी आज कप दोन्ही हातांनी धरला.' त्या चपला घालून केंद्रावर गेल्या. दुपारभर मी खिडकीशी त्याच त्या कपड्यांच्या पुन्हा पुन्हा घड्या करत बसले.

पाच वाजता आल्या, पण खुर्चीवर टेकेनात.

"तेवीस झाडं. उरलेल्यांच्या कळ्या उकलून पाहिल्या. नऊ गुलाबी, चौदा पांढरी. केंद्रातल्या मॅडम म्हणतात, कळ्या उशिरा घेतल्या असतील, होतं असं."

"बरोबरच आहे की! मग?"

"मी म्हटलं, कळ्या वेळेवर घेतल्या होत्या. हात चुकला. पोरीच्या वयाची बाई, तिलाच रडू आलं. चिमटा तिच्या टेबलावर ठेवून आले."

"आणि आता?"

"आता मोजणी. दर झाडाचे घाटे, फांद्या, शंभर दाण्यांचं वजन. संकराच्या नातवंडांची हजार झाडं आहेत. एका घरातली, पण दोन सारखी नाहीत. त्यातली कामाची निवडायची. डोळे अजून शाबूत आहेत माझे."

"बसा आता, वन्सं."

"बसून काय करू?" म्हणत त्या पुन्हा फाटकाकडे गेल्या. हात पदराखाली होते.

संध्याकाळी वन्संनी उशीच्या अभ्र्याचे बटण लावले. सुईत दोरा मी ओवला.